रोमसाठी सात तास

भूमध्य समुद्रातल्या क्रूझवर मराठी मंडळींना घेऊन जाणं हे माझं काम. बार्सिलोना, मार्सेय, जिनोआ, नेपल्स अशी एकाहून एक बंदरं वाटेत लागतात, पण निघण्याआधी पुण्यात सगळे भेटतो तेव्हा प्रश्न असतात ते रोमचेच. एका दिवसात काय काय होईल? व्हॅटिकन होईल ना? कोलोसियम आतून की बाहेरून? ही उत्तरं देता देता आणि त्या गल्ल्यांमधून माणसं फिरवता फिरवता माझ्यापुरतं जे पक्कं झालं, ते इथे लिहिते आहे.

१. आधी वजाबाकी करा

जहाज रोमला लागत नाही. ते लागतं चिवितावेक्कियाला, रोमपासून सत्तर-ऐंशी किलोमीटरवर. माहितीपत्रकात ठळक अक्षरांत रोम असतं आणि बंदराचं नाव त्याच्याखाली बारीक टाइपात. सकाळी सातला धक्क्याला लागलेलं जहाज संध्याकाळी सातला सुटणार, म्हणजे बारा तास हातात आहेत असं वाटतं. पण जहाजातून उतरून बसमध्ये बसायला पाऊण तास, जायला दीड तास, यायला दीड तास. जहाज सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधी परत हजर व्हावं लागतं. वाटेत वाहतूक तुंबली तर म्हणून एक तास राखून ठेवावा लागतो. उरतात सव्वासहा ते पावणेसात तास, फार तर सात धरा. त्यातच जेवण आलं, आणि स्वच्छतागृहंही आली. चाळीस जणांचा ग्रुप असला तर एका स्वच्छतागृहापाशी अर्धा तास सहज जातो.

हे गणित मी पहिल्याच भेटीत फळ्यावर मांडते. कुणाचा हिरमोड व्हायचा असेल तर तो पुण्यात झालेला बरा.

२. सीझरचं रोम किंवा पोपचं रोम

दोन्ही एका दिवसात होत नाहीत. होतात असं सांगणारे खूप भेटतील, आणि नकाशावर कोलोसियमपासून सेंट पीटर्सपर्यंत जेमतेम चार किलोमीटर दिसतात. पण वेळ अंतरात जात नाही, दारात जातो. व्हॅटिकनच्या संग्रहालयात शिरल्यापासून सिस्टिन चॅपेलपर्यंत गर्दीच्या दिवसात दीड-दोन तास पुढच्या माणसाच्या पाठीकडे बघत चालावं लागतं. मायकेलँजेलोनं ते छत १५०८ ते १५१२ अशी चार वर्षं मान वर करून रंगवलं. त्याच्याखाली वीस मिनिटंसुद्धा उभं राहता येणार नसेल तर कशाला जायचं, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून निवड करा. व्हॅटिकन निवडलंत तर दिवसभर तेच पाहा: सकाळी संग्रहालय, दुपारी सेंट पीटर्स. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, नाहीतर बॅसिलिकाच्या दारातून परत पाठवतात. वारही तपासा. संग्रहालय रविवारी बंद असतं. महिन्याचा शेवटचा रविवार तेवढा अपवाद, आणि त्या दिवशी प्रवेश मोफत असल्यानं गर्दी विचारू नका. बुधवारी सकाळी पोप चौकात भाविकांना भेटतात तेव्हा बॅसिलिका दुपारपर्यंत बंद ठेवतात. तुमचं जहाज कुठल्या वारी लागतंय हे तिकीट काढतानाच कळतं, पण तेव्हा ते कुणी पाहत नाही.

माझी स्वतःची निवड विचाराल तर सीझरचं रोम. पुढचं बरंचसं त्याबद्दलच आहे.

३. सहलीचं नाव नीट वाचा

जहाजावर विकल्या जाणाऱ्या सहलींच्या नावात सगळं सांगितलेलं असतं. ‘पॅनोरमिक’ म्हणजे बहुतेक शहर बसच्या काचेतून. ‘फोटो स्टॉप’ म्हणजे दहा-पंधरा मिनिटं, बाहेरूनच. आत नेणार असतील तर वर्णनात प्रवेश समाविष्ट असल्याचं स्पष्ट लिहिलेलं असतं. तसं लिहिलेलं नसेल तर आत नेणार नाहीत. रोमच्या जुन्या भागात पर्यटक बसना मुक्तपणे फिरता येत नाही, त्यामुळे ‘पॅनोरमिक’मध्येही पुष्कळ चालावं लागतं, हे आजी-आजोबांना कुणी सांगत नाही.

‘रोम ऑन युवर ओन’ नावाचाही एक प्रकार असतो. जहाजाची बस शहरात सोडते, ठरलेल्या वेळी परत आणते, मधला वेळ तुमचा. ज्यांनी थोडा अभ्यास केला आहे त्यांना मी हाच सुचवते. पैसे कमी लागतात आणि पुढच्या मुद्द्यातली काळजी मिटते.

४. जहाज कुणासाठी थांबतं

जहाजाकडून घेतलेल्या सहलीची बस अडकली तर जहाज थांबतं, किंवा त्या प्रवाशांना पुढच्या बंदरापर्यंत पोहोचवण्याची व्यवस्था कंपनी करते. तुम्ही स्वतः गेलात आणि उशीर झाला तर जहाज निघून जातं. धक्क्यावर धावत आलेली माणसं आणि हळूहळू लांब जाणारं जहाज मी डेकवरून पाहिलं आहे. वरून लोक टाळ्या वाजवत होते. मला ते बघवलं नाही.

म्हणून स्वतंत्र जाणाऱ्यांनी तीन गोष्टी खिशात ठेवाव्यात: पासपोर्टची छायाप्रत (काही जहाजांवर मूळ पासपोर्ट काउंटरवर जमा असतो), जहाजाचं कार्ड, आणि रोज केबिनमध्ये येणाऱ्या पत्रकाचा फोटो. त्या पत्रकावर बंदरातल्या एजंटचा फोन नंबर असतो. चौथी गोष्ट घड्याळ. ग्रीसकडून इटलीला येताना वेळ एक तासानं बदलते. मोबाइल आपोआप बदलतो, मनगटावरचं घड्याळ नाही, आणि जहाजाचा कारभार चालतो तो जहाजाच्या वेळेवर. रोज सकाळी घड्याळ जहाजाच्या वेळेशी लावून घ्या.

५. आगगाडीनं जाणार असाल तर ओस्तिएन्सेला उतरा

चिवितावेक्कियाहून रोमला दिवसभर प्रादेशिक गाड्या असतात. तासाभराचा, बराचसा समुद्राकाठचा सुंदर प्रवास आहे. जवळजवळ सगळे जण तेर्मिनी या मुख्य स्थानकापर्यंत जातात. तिथे या गाड्या अगदी टोकाच्या फलाटांवर लागतात आणि गर्दीतून सामान सांभाळत बाहेर पडेपर्यंत दहा मिनिटं मोडतात. त्याऐवजी ओस्तिएन्सेला उतरावं. शेजारीच पिरामिदे हे मेट्रोचं स्थानक आहे आणि तिथून दुसरं स्टेशन कोलोसियमचं. व्हॅटिकनला जायचं असेल तर सान पिएत्रो स्थानकावर उतरून चालत जाता येतं.

तिकीट एका दिवसाचं, प्रादेशिक गाडी आणि शहरातली मेट्रो-बस सगळ्याला चालणारं मिळतं. त्याला बीआयआरजी म्हणतात. कागदी तिकीट गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात घालून शिक्का मारून घ्या. आणि आदल्या दिवशी संप आहे का ते बघा. इटलीत रेल्वेचे संप आधी जाहीर होतात, आणि कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ या वेळात प्रादेशिक गाड्यांची किमान सेवा चालू ठेवावी लागते. सकाळची वेळ आपल्या कामाची आहे, संध्याकाळची नाही. संपाच्या दिवशी मी कुणालाही आगगाडीनं पाठवत नाही.

६. कोलोसियमचं तिकीट नावावर असतं

आणि वेळेवरही. पासपोर्टवरचं नाव जसंच्या तसं हवं. ‘राजेंद्र’चं ‘राजू’ चालत नाही. सकाळी जहाज उशिरा लागलं तर ती वेळ चुकते, म्हणून पहिली वेळ कधीच घेऊ नये. अकराच्या पुढची घ्यावी. तोवर बाहेरून फेरी मारा आणि उत्तरेच्या बाजूनं वर पाहा. कमानींच्या माथ्यावर रोमन आकडे कोरलेले आहेत, २३ पासून ५४ पर्यंतचे आजही दिसतात. इ.स. ८० मध्ये टायटस बादशहानं हे रंगस्थळ खुलं केलं तेव्हा आलेले प्रेक्षक आपापल्या दाराचा आकडा बघून आत जात असत. एकूण ऐंशी कमानी होत्या. वानखेडेवर गेट नंबर शोधलेल्या माणसाला हे आकडे पाहून जो आनंद होतो, तो मी पुनःपुन्हा पाहिला आहे.

७. एक जागा खोल पाहा

सात तासांत शहर आडवं बघायला गेलं की हाताला काही लागत नाही. उभं बघावं. माझ्या माहितीत त्यासाठी सान क्लेमेन्तेइतकी चांगली जागा नाही. कोलोसियमपासून सान जोव्हान्नीच्या रस्त्यानं पाच-सात मिनिटं चाललं की डाव्या हाताला एक साधं दार लागतं. बाहेर रांग सहसा नसते, कारण कोलोसियमकडे आलेली बहुतेक माणसं इथवर येतच नाहीत.

आत शिरल्यावर आधी बाराव्या शतकातलं चर्च. वेदीमागच्या अर्धघुमटात सोनेरी मोझेइक आहे. मध्ये क्रूस, त्याच्या बुंध्यातून निघालेल्या वेलींची वळणं, आणि त्या वळणांमध्ये अख्खं जग: क्रूसावर पांढरी कबुतरं, खाली पाणी पिणारी हरणं, आणि एका कोपऱ्यात कोंबड्यांना दाणे टाकणारी एक बाई. ती बाई शोधायला मी सगळ्यांना पाच मिनिटं देते. जो आधी शोधतो तो दुसऱ्याला दाखवतो आणि मग सगळं मोझेइक आपोआप पाहून होतं.

मग तिकीट काढून जिना उतरायचा. खाली आणखी एक चर्च, चौथ्या शतकातलं. साधारण ११०० च्या सुमारास ते राडारोड्यानं भरून टाकलं आणि त्याच्या डोक्यावर वरचं बांधलं. मग लोक विसरून गेले. १८५७ मध्ये इथले आयरिश डॉमिनिकन साधू जोसेफ मलूली यांनी खणायला सुरुवात केली तेव्हा ते पुन्हा सापडलं. भिंतींवर अकराव्या शतकातली चित्रं आहेत. त्यातल्या एका चित्रात एक धनिक आपल्या गड्यांना संत क्लेमेन्तेला बांधून ओढून न्यायला सांगतो आहे, आणि ते गडी भ्रमानं दगडी खांबच ओढत आहेत. पात्रांच्या शेजारी त्यांची वाक्यं लिहिलेली आहेत. संताचं वाक्य लॅटिनमध्ये आहे, धनिकाचं आणि गड्यांचं त्या काळच्या बोलीत. इटालियन लोकभाषेतल्या सर्वांत जुन्या लिखाणांपैकी हे एक मानलं जातं.

एका सहलीत साताऱ्याच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. सगळा ग्रुप त्यांना बाईच म्हणायचा. त्या चित्रासमोर बाई बराच वेळ उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “अगं, अकरावं शतक म्हणजे आपल्या अक्षीच्या शिलालेखाचाच काळ की! तिकडे अलिबागजवळ कुणी मराठी दगडावर कोरत होतं आणि इकडे हे भिंतीवर लिहीत होते.” मी त्या जागी कितीतरी वेळा उभी राहिले होते, पण ही जोडणी बाईंनी करून दिली. तेव्हापासून मी ती प्रत्येक ग्रुपला सांगते, त्यांचा उल्लेख करून.

तिथून आणखी एक जिना खाली. इथे पहिल्या शतकातल्या दोन इमारती आहेत आणि त्यांच्यामधला अरुंद बोळ. एक माणूस जाईल एवढाच. एका इमारतीत मिथ्र देवाचं भुयारी मंदिर आहे: दोन्ही बाजूंना दगडी बाकं, मध्ये बैलाचा वध करणारा मिथ्र कोरलेली वेदी. हवा गार आणि ओलसर. कुठेतरी भिंतीआड पाणी वाहत असल्याचा आवाज सतत येतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डॉमिनिकन साधूंनी बोगदा खणून हे पाणी रोमच्या प्राचीन मोठ्या गटाराला नेऊन जोडलं, नाहीतर हा भाग पाण्यातच राहिला असता. बाईंच्या गुडघ्याला पट्टा होता. कठडा धरून त्या एकेक पायरी उतरल्या, पाण्याच्या आवाजापाशी थांबल्या आणि वर बोट दाखवून म्हणाल्या, “म्हणजे आत्ता आपण सगळ्या शतकांच्या खाली आहोत.”

सगळं मिळून सव्वा तास लागतो. रविवारी सकाळी प्रार्थना असते, आणि रोममधली बरीच चर्चं दुपारी काही वेळ बंद असतात, म्हणून वेळा आधी पाहून जा.

८. फोरममध्ये मिरी आठवा

रोमन फोरम पाहताना लोक लवकर कंटाळतात. मोडके खांब, ऊन, आणि गाइडच्या तोंडी बादशहांची नावं. मी तिथे मिरीची गोष्ट सांगते. मॅक्सेन्शियसच्या प्रचंड बॅसिलिकाच्या जागी पूर्वी डोमिशियन बादशहानं बांधलेली मसाल्यांची वखार होती आणि तिचं नावच मिरीवरून पडलेलं होतं. ती मिरी यायची केरळच्या किनाऱ्यावरून. हिंदुस्थानच्या व्यापारापायी दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स बाहेर जातात अशी तक्रार रोमन लेखक प्लिनीनं लिहून ठेवली आहे. इ.स. ४०८ मध्ये गॉथांचा राजा अलॅरिकनं रोमला वेढा घातला तेव्हा त्यानं मागितलेल्या खंडणीत सोन्या-चांदीबरोबर तीन हजार पौंड मिरी होती.

आणि ही देवघेव फक्त केरळशी नव्हती. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासग्रंथात पैठण आणि तेर यांचा माल भडोचला जात असल्याची नोंद आहे. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती सापडली, ती कोल्हापूरच्याच संग्रहालयात आहे. तेर आणि भोकरदनला सापडलेल्या हस्तिदंती मूर्तींची बहीण शोभेल अशी मूर्ती पॉम्पेईत निघाली. ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. एवढं ऐकलं की फोरममधले दगड मराठी माणसाला परके वाटत नाहीत. ज्यांना चालवत नाही त्यांना मी फोरममध्ये उतरवत नाही. कॅपिटोल टेकडीवरच्या सभागृहामागच्या कठड्यावरून अख्खा फोरम खाली पसरलेला दिसतो, तोही फुकट.

९. पाणी विकत घेऊ नका

रोमच्या रस्त्यांवर कमरेएवढे लोखंडी नळखांब आहेत. त्यांना नासोनी म्हणतात. १८७० च्या दशकात ते बसवायला सुरुवात झाली आणि आज त्यांची संख्या अडीच हजारांच्या घरात आहे. पाणी अखंड वाहतं, थंडगार आणि पिण्याचं. बाटली भरा. बाटली नसेल तर वाकलेल्या तोटीचं तोंड बोटानं बंद करा, तोटीच्या वरच्या बारीक भोकातून पाण्याची कमान उडते आणि न वाकता पिता येतं. आमच्या ग्रुपमधली नातवंडं हे पाच सेकंदांत शिकतात आणि मग आजोबांना शिकवतात.

बूट जुनेच घाला. रोमचे रस्ते काळ्या बसाल्टच्या छोट्या ठोकळ्यांचे आहेत आणि फटीत टाच अडकते.

१०. जेवण

दुपारी रेस्टॉरंटमध्ये बसलात तर दीड तास गेला. त्याऐवजी तुकड्यांवर विकला जाणारा पिझ्झा घ्या. मोठ्या आयताकृती ताटातून दाखवाल तेवढा कात्रीनं कापून वजनावर देतात. शाकाहारी मंडळींसाठी मार्गेरिता सोपा. चीजही नको असेल तर मारिनारा, त्यात टोमॅटो, लसूण आणि ओरेगानो एवढंच असतं. भाताचे तळलेले सुप्ली बघून मोह होतो, पण त्यांच्या आत बहुतेक वेळा मांसाचा रस्सा असतो. कार्बोनारा आणि अमात्रिचानामध्ये डुकराचं मांस असतं. काचो ए पेपेमध्ये मात्र फक्त चीज आणि मिरी. चीज बनवताना वापरलेलं रेनेट प्राण्यांचं असतं, ज्यांना ते चालत नाही त्यांनी तेही टाळावं. कॉफी काउंटरवर उभ्यानं प्या. स्वस्त पडते, आणि तिथलं स्वच्छतागृहही वापरता येतं.

११. खिसे

तेर्मिनी स्थानक, मेट्रो आणि तेर्मिनीहून व्हॅटिकनकडे जाणारी ६४ नंबरची बस. या तीन ठिकाणी पर्स पुढे, हात पर्सवर. बाकी शहरात मोकळेपणानं फिरा.

१२. ज्यांना रोमला जायचं नाही

त्यांनी जहाजावर बसून राहू नये. चिवितावेक्किया हे बंदर ट्रेजन बादशहानं दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला उभारलं. धक्क्यासमोरचा किल्ला पोप दुसरे ज्युलियस यांनी १५०८ मध्ये वास्तुविशारद ब्रामांतेकडून बांधायला घेतला, आणि त्याला आज मायकेलँजेलोचं नाव आहे. ज्यांनी रोम आधी पाहिलंय त्यांना मी आगगाडीनं तार्क्विनियाला नेते. पंधरा-वीस मिनिटांवर आहे. रोमच्या आधी नांदलेल्या एट्रुस्कन लोकांच्या रंगवलेल्या कबरी तिथे जमिनीखाली आहेत. नाचणारी माणसं, मेजवान्या, पक्षी, मासेमारी असं सगळं भिंतींवर रंगवलेलं आहे. २००४ पासून त्या जागतिक वारशात आहेत. तिथे गर्दी नसते आणि घाईही करावी लागत नाही.

१३. तिकीट काढण्याआधी

भूमध्य समुद्रातल्या पुष्कळ सफरी चिवितावेक्कियाहूनच सुरू होतात किंवा तिथेच संपतात. भाड्यात फारसा फरक नसेल तर तशी सफर निवडा आणि जहाजावर चढण्याआधी दोन रात्री रोममध्ये राहा. जुन्या भागात नसलं तरी चालेल, मेट्रोजवळ राहा. म्हणजे व्हॅटिकनला एक दिवस आणि सीझरच्या रोमला एक दिवस मिळेल. हे जमत नसेल, जहाज तिथे एकच दिवस लागणार असेल, तर घरच्यांना एकत्र बसवून दोनांपैकी एक रोम निघण्याआधीच ठरवा आणि तिकिटं नावांसकट काढून ठेवा. बंदरावर उतरल्यावर ठरवू म्हणाल तर तुमच्या सात तासांतला पहिला तास तिथेच जाईल.